गाडी उंच करताय? आधी नाडी बघा



हल्ली आपल्या घरांतून एक नवीनच वेड शिरले आहे. नातवंडे जुनी लँड रोव्हर विकत घेतात, रविवारी ती वेल्सच्या नाहीतर डर्बीशायरच्या चिखलात घालतात आणि मग एकच धोशा लावतात, “आजी, गाडी उंच करायचीय!” माझ्या नातवाने तर चार इंचांचा हट्ट धरला होता. तुम्ही म्हणाल, नर्सबाईंना गाडीतले काय कळणार? पण जन्मभर स्ट्रेचरवरून आलेली माणसे पाहिली, त्यामुळे हादरा म्हणजे काय ते मला चांगले ठाऊक आहे. बाकीचे गॅरेजवाल्याला विचारून आणि वाचून समजून घेतले. ते इथे सांगते.

कमान आणि शॉकप

आपल्या थोर मंडळींना आठवत असेल, कोकणातल्या बैलगाडीला कमान नसायची. आजारी माणसाला न्यायचे तर खाली पेंढ्याचा जाड थर घालायचा, तीच स्प्रिंग! टांग्याला मात्र कमानपाटे असत, म्हणून टांग्यात बसणे म्हणजे चैन. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप आणली, तिलाही कमानपाटेच होते. इकडे रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर लढाईतली जुनी जीप वापरत. तिच्यावरूनच त्यांना लँड रोव्हर सुचली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ती ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. म्हणजे आपली मुंबईची जीप आणि इथली लँड रोव्हर या मावसबहिणीच म्हणायच्या. १९७० च्या रेंज रोव्हरला चारी चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. १९८३ मध्ये लँड रोव्हर ११० ला त्या मिळाल्या, आणि हिलाच पुढे १९९० पासून डिफेंडर म्हणू लागले.

आता मुलांनो, नीट ऐका. स्प्रिंग वजन पेलते. पण एकदा दाबली की ती उड्या मारतच राहते. तिला गप्प बसवतो तो शॉक ॲबसॉर्बर, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत शॉकप. तो कसा चालतो ते बघायचे असेल तर सुई नसलेली सिरिंज घ्या आणि पाणी भरून दांडा दाबा. हळू दाबलात तर पाणी सहज निघते, जोरात दाबलात तर बोटाला अडते. शॉकपमध्ये पाण्याऐवजी तेल असते आणि ते बारीक भोकांतून ये-जा करते. धक्क्याची ताकद तेलात उष्णता होऊन जिरते. खडबडीत वाटेवर तासन् तास गाडी हाकली की तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकप ढिला पडतो. म्हणून गॅसच्या शॉकपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात. त्यामुळे फेस कमी होतो.

नाडीचा हिशेब

मला सर्वात जास्त गंमत वाटली ती या गोष्टीची. सुखाच्या गाडीची स्प्रिंग साधारणपणे सेकंदाला एक ते दीड हेलकावा घेईल अशी बसवतात. म्हणजे मिनिटाला ६० ते ९०, निरोगी माणसाच्या नाडीइतके! तो झोका शरीराला मानवतो. उलट बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे वर-खाली हादरे सर्वात जास्त बाधतात. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक घातली की गाडी त्या वाईट बाजूकडे सरकते. तरण्या पोराला त्याचे काही नाही, पण मणके झिजलेल्या आजीचा जीव जातो. रेड क्रॉसकडे १९५४ पासून लँड रोव्हर आहेत आणि त्यांतली पहिली दुबईत फिरता दवाखाना म्हणून गेली. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी इथली पथकेही त्याच गाड्या वापरत आली आहेत. अशा गाडीत मोडलेल्या हाडाचा माणूस झोपलेला असतो, तेव्हा स्प्रिंगचा मऊपणा हे औषधच असते.

किती वजन, किती कडक?

म्हणून पहिला प्रश्न “किती इंच?” हा नाही, “रोज काय वाहणार?” हा आहे. समजा, एक स्प्रिंग २०० पौंडांना एक इंच दबते. मागच्या दोन्ही स्प्रिंगांवर मिळून ४०० पौंड सामान टाकले तर गाडी मागून एक इंच बसेल. ३०० पौंडांची कडक स्प्रिंग घातली तर पाऊण इंचाहून कमी बसेल. कायम सामान, पाण्याच्या टाक्या, छतावर तंबू असेल तर ही कडक स्प्रिंग योग्य. पण वर्षातून दोनदा कँपिंग आणि बाकी दिवस रिकामी गाडी असेल तर उरलेले सगळे दिवस दात आपटत बसावे लागेल. जुन्या डिफेंडरच्या स्प्रिंगांवर रंगांचे पट्टे असतात, त्यांवरून स्प्रिंग कुठली ते ओळखतात. ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग पुष्कळदा वेगळी असते. तेव्हा गाडी एका अंगाला कलली तर आधी डावी-उजवी बदलली नाही ना, ते पाहा.

उंचीचे खरे-खोटे

एक गैरसमज फार पसरला आहे. जुन्या लँड रोव्हरला आरपार आस असतो आणि त्यावर डिफरन्शियलचा गोळा. दगडाला आधी आपटतो तो हाच गोळा. स्प्रिंगा उंच केल्या की फक्त गाडीचे धड वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. तो उचलायचा तर मोठे टायर हवेत, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एकच इंच वर येतो. मग स्प्रिंगा उंच का करायच्या? मोठ्या टायरला जागा व्हावी, आणि चढ-उताराला गाडीचे पोट व टोके घासू नयेत म्हणून. त्याला दीड-दोन इंच पुरतात.

त्याहून वर गेलात की खर्च सुरू. पुढच्या आसाचा कल बदलून स्टिअरिंग भरकटते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून थरथर येते, ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात, ते पुन्हा बसवावे लागतात. आणि गाडीचा जड भाग जितका वर, तितकी ती वळणावर आणि उतारावर आडवी पडायला सोपी. हा धोका मात्र पैसे टाकून पुरता जात नाही.

शॉकप स्प्रिंगच्या जोडीनेच घ्यावा. जुना आखूड शॉकप उंच स्प्रिंगेवर ठेवला तर चाक खड्ड्यात पुरेसे उतरत नाही, हवेतच लोंबते. लांब शॉकप घेतला आणि खालचे रबरी अडथळे तसेच ठेवले तर तो आतल्या आत आपटून फुटतो. तेव्हा मिटलेली आणि उघडलेली, दोन्ही लांब्या मोजून घ्याव्यात. दुहेरी नळीचा शॉकप दगडाचा पोचा सहन करतो. एकेरी नळीचा लवकर थंड होतो, पण नळी चेपली की दट्ट्या अडकतो. चिखल-दगडांत मधूनमधून जाणाऱ्याला दुहेरी नळीचा गॅस शॉकप बरा.

विसरू नये असे

इन्शुरन्स कंपनीला बदल कळवलाच पाहिजे, नाहीतर अपघातानंतर हात वर होतात. एमओटीला तेल गळणारा शॉकप आणि तुटकी स्प्रिंग चालत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने पुष्कळ जुन्या वाटांवरचा मोटारीचा हक्क गेला. तेव्हा वाट खुली आहे का ते कौन्सिलच्या नकाशावर पाहूनच निघावे.

जुन्या डिफेंडरचे उत्पादन २९ जानेवारी २०१६ रोजी सोलिहलला संपले. २०१९ मध्ये आलेली नवी डिफेंडर टाटांच्या मालकीच्या कंपनीची. तिला हवेची स्प्रिंग घेता येते. बटण दाबले की गाडी ५० मिलिमीटर खाली बसते, माणसे चढली की वर येते आणि खडकाळ वाटेवर ७५ मिलिमीटर आणखी उंच होते. कुणीतरी गुडघेदुखीवाल्यांचा विचार केला म्हणायचा!

जुन्या गाडीला बटण नसते, तिथे विचार आपणच करायचा. माझ्या नातवाला मी एवढेच सांगितले, “अंगणात पाट ठेव, त्यावर गाडीइतकी उंच पायरी कर आणि मला चढवून दाखव.” चारवरून तो दोनवर आला, आणि बाजूला पायदानही लावले. मुलांनो, गाडी उंच करण्याआधी तिच्यात कोण कोण बसणार, त्यांची यादी करा. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाचे नाव सर्वात वर लिहा.