आधी मिरवणूक की आधी म्युझियम?

शाळेला दांडी मारायची आणि दिवसभर शिकागोत उंडारायचं, एवढीच ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ची गोष्ट. असल्या सिनेमात कुठला प्रसंग आधी आणि कुठला नंतर, याने काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. दिग्दर्शक जॉन ह्यूजने पटकथाही झपाट्यानेच लिहिली. १९८५ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप तोंडावर आलेला. आठवडाभरात त्याने खर्डा हातावेगळा केला. त्याच वर्षी सप्टेंबरात चित्रीकरण सुरू झालं. पहिलं संकलन भरलं पावणेतीन तासांचं!

संकलक पॉल हर्श. ‘स्टार वॉर्स’च्या संकलनाचं ऑस्कर ज्या तिघांना मिळालं, त्यातला एक. म्हणजे गडी कच्चा नव्हता.

आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमधला प्रसंग ह्यूजच्या फार जिवाजवळचा. फेरिसचा कायम धास्तावलेला मित्र कॅमेरॉन चित्रकार जॉर्ज सराच्या भल्यामोठ्या चित्रापुढे खिळून उभा राहतो. चित्रातल्या छोट्या मुलीचा चेहरा, मग कॅमेरॉनचे डोळे, पुन्हा चेहरा, आणखी जवळून. जवळ जावं तसा चेहरा विरत जातो आणि शेवटी उरतात नुसते रंगाचे ठिपके. तोंडातून शब्द नाही. हर्शने याला गिटारचा एक सोलो लावला होता. त्या वादनाला बांधीव ठेका नव्हता, म्हणून कटही तसेच पडले, कधी लांब, कधी आखूड. ह्यूज बेहद्द खूश. स्टुडिओवाले मात्र थंड. आणि प्रेक्षकांसमोर चाचणीचे खेळ लावले की दरवेळी तोच शेरा यायचा: सगळ्यात नावडता प्रसंग, म्युझियम.

ह्यूजने गिटार काढून टाकली आणि ‘द स्मिथ्स’च्या एका गाण्याची ‘द ड्रीम अकॅडमी’ने केलेली वाद्यधून तिथे घातली. हर्शचं निदान वेगळंच होतं. प्रसंग ठीक आहे, जागा चुकली आहे. तेव्हाच्या संकलनात मिरवणूक आधी होती आणि म्युझियम नंतर. मिरवणूक कसली, तर वॉन स्टॉइबेन डे परेड! थोडं चित्रण खऱ्या मिरवणुकीतलं, बाकीच्यासाठी रेडिओवरून आवतण देऊन जमवलेली गर्दी. चित्ररथावर चढलेला फेरिस ‘ट्विस्ट अँड शाउट’वर ओठ हलवतोय आणि रस्ताभर लोक नाचताहेत. एवढ्या धुमाळीनंतर चित्रं बघायला कोण थांबणार? भैरवी झाल्यावर कुणी बडा ख्याल लावत नाही.

हर्शच्या म्हणण्यानुसार मिरवणूक दिवसाच्या शेवटी गेली, त्यानंतर मंडळी थेट घराच्या वाटेला. म्युझियम पुढे आलं. पुन्हा खेळ लावला, आणि नावडता प्रसंग एकदम सगळ्यांचा लाडका झाला. हर्श म्हणतो, जागा बदलली म्हणून. ह्यूजचं म्हणणं, संगीत बदललं म्हणून. दोन्ही बदल एकाच दमात केल्यामुळे वाद मिटण्याची सोयच उरली नाही.

मी हर्शच्या बाजूचा, आणि माझा साक्षीदार कॅमेरॉन. फेरिस सिनेमाभर तसूभर बदलत नाही. कॅमेऱ्यात बघून आपल्याशी गप्पा मारतो, थापा ठोकतो, निसटतो. खरी गोष्ट घडते ती कॅमेरॉनची. म्युझियममध्ये त्याच्या आत काहीतरी हलतं. मग टॅक्सीत तो कुरकुरतो, आज काही धड बघितलंच नाही म्हणून. आणि फेरिस रथावर चढून गाणं अर्पण करतो ते त्यालाच! या क्रमामुळे त्या नाचगाण्याला कारण मिळतं. त्यानंतर कॅमेरॉनच्या बापाच्या लाडक्या फेरारीच्या मीटरवर वाढलेले मैल दिसतात, कॅमेरॉन हबकतो आणि शेवटी त्याच गाडीवर लाथा घालतो. मिरवणूक आणि मीटर यांच्यामध्ये म्युझियम घुसलं असतं, तर या घसरणीचा वेगच मेला असता. संगीत कितीही गोड लावा.

सिनेमा ११ जून १९८६ रोजी लागला तो याच क्रमाने. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, तोही याच क्रमाने.