औंधचे कागद आणि आपल्या घरातली ट्रंक

सातारा जिल्ह्यातील औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली सुरू केले. ते स्वतः चित्रकार होते. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीही त्यांच्याच संस्थानात होती. बहुतेक लोक येथे रविवर्म्यांची मोठी तैलचित्रे आणि हेन्री मूर यांचे आई व मुलाचे शिल्प पाहतात आणि परततात. पण कागदावरची लहान चित्रे थांबून पाहावीत, अशी आहेत.

त्यांना लघुचित्रे म्हणतात. कारागीर तीन-चार कागद खळीने एकावर एक चिकटवत. खारीच्या केसांच्या कुंचल्याने, दगड-मातीपासून केलेल्या रंगांनी चित्र काढत. मग ते पालथे घालून गुळगुळीत दगडाने मागून घोटत. म्हणून त्याला झळाळी येई.

असा कागद शेकडो वर्षे टिकतो, पण उजेड त्याचा शत्रू. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत कागदी चित्रांवर मंद दिवा ठेवतात. काही महिने मांडून पुन्हा अंधारात ठेवतात. दमट हवा, कसर आणि वाळवी हे बाकीचे शत्रू.

कागद जपला तर काय हाती लागते, ते साताऱ्यात दिसते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तेथील सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर नोंदले गेले. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरातील त्या ओळीमुळे २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस झाला. कोणी ते रजिस्टर रद्दीत घातले असते तर?

आपल्या ट्रंकेतही असेच कागद असतात: आजोबांचा शाळेचा दाखला, गिरणीचा पास, लग्नपत्रिका, जुना फोटो. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा तो दाखलाच नातीच्या प्रवेशासाठी धावून येतो.

म्हणून एवढे करा. जुना कागद लॅमिनेट करू नका. चिकटलेले प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा पिवळा डाग जात नाही. टाचणी आणि पिना काढा, त्या गंजतात. घडी न घालता, स्वच्छ सुती कापडात, ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळा सरला की सावलीत उघडून पाहा. उन्हात वाळवू नका. कचेरीत झेरॉक्स द्या, अस्सल कागद गरजेपुरताच बाहेर काढा. आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. घरातली म्हातारी माणसे आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला परकाच वाटतो.

राजाच्या कागदांना संग्रहालय मिळाले. आपल्या कागदांचे राखणदार आपणच.