गाडीखालचा लाल डाग

मार्च संपत आला होता, पण मिशिगनमधला बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. सकाळी क्लासला निघालो, तर पार्किंगमध्ये आमच्या पिकअपखाली, पांढऱ्या बर्फावर, कोकम सरबत सांडल्यासारखा लाल डाग! तिघा रूममेट्सनी वर्गणी काढून घेतलेली ही गाडी. 1995 ची, म्हणजे आम्हा तिघांपेक्षा वयानं मोठी. ग्रोसरी, जुनं फर्निचर, एअरपोर्टच्या फेऱ्या, सगळा संसार तिच्याच जिवावर.

तुम्हीही अमेरिकेत मास्टर्सला जायच्या तयारीत असाल, तर सेकंडहँड गाडी आज ना उद्या घ्यालच. मग हा लाल डाग ओळखून ठेवा. पाणी असेल तर एसीचं, हिरवं किंवा केशरी असेल तर बहुतेक कूलंट, काळपट असेल तर इंजिन ऑइल आणि लाल असेल तर बहुतेक वेळा ट्रान्समिशनचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल.

जवळच्या गॅरेजनं कूलरच्या दोन्ही नळ्या बदलायचे 620 डॉलर सांगितले. एफ-1 व्हिसावर सेमिस्टर सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. मला लायब्ररीत तासाला 12 डॉलर मिळायचे. करा हिशोब! अडीच आठवड्यांहून जास्त कमाई, फक्त दोन नळ्यांसाठी.

नळी एवढीशी, काम केवढं!

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचं पेडल नसतं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवायचं काम टॉर्क कन्व्हर्टरमध्ये फिरणारं तेल करतं आणि ते करताना चांगलंच तापतं. म्हणून करंगळीपेक्षा बारीक अशी एक नळी ते तेल पुढे रेडिएटरकडे नेते. तिथल्या वेगळ्या छोट्या कप्प्यात ते थंड होतं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं.

नळी गळली की तेल कमी होतं. तेल कमी झालं की गिअर घसरायला लागतो, आतल्या क्लच प्लेट्स जळतात आणि मग खर्च शेकड्यात नाही, हजारांत जातो. शिवाय हे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर निघतो, प्रसंगी आगही लागते. 'थोडंसंच तर गळतंय, वरून ओतत राहू' हा जुगाड म्हणूनच महागात पडतो.

नळ्या खाल्ल्या कुणी? मिठानं. इथे हिवाळाभर रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या तर पोटातच, सुमारे 1200 फूट खोल, मिठाची खाण आहे! आपण मीठ लावून कैरी टिकवतो, इथे मिठानं गाडी सडते.

व्हिडिओ कॉलवरचे मामा

अपार्टमेंटच्या करारात 'पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये' असं स्पष्ट लिहिलं होतं. (तुमचाही करार वाचा, बहुतेक असंच असतं.) गणपतीत ओळख झालेल्या एका मराठी काकांनी त्यांचा ड्राइव्हवे दिला. काका वीस वर्षं गाड्यांचे पार्ट्स कॉम्प्युटरवर डिझाइन करतात, पण गाडीखाली एकदाही गेलेले नाहीत. शेवटी इचलकरंजीला बाबांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या मामांना फोन लावला. इथे शनिवारी सकाळचे नऊ, तिकडे संध्याकाळचे साडेसहा.

"मामा, गाडी ऑटोमॅटिक आहे."

"असंना का. नळी ती नळीच. आधी सांग, गाडी कशावर उचललीस?"

मी कौतुकानं जॅक दाखवला. मामांचा चेहराच बदलला.

"जॅक उचलायला असतोय, धरून ठेवायला न्हाई. घोडी लाव. चाकामागं अडकण लाव. गाडी हलवून बघ, मगच खाली शीर. नळी उद्या बी मिळंल, बाळा."

घोडी म्हणजे जॅक स्टँड. दोन उधार आणल्या, तोवर कुणीच गाडीखाली गेलं नाही. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवणार असाल, तर मामांची ही ठेवा.

नटाशी कुस्ती

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी साध्या पान्यानं जोर लावू नका; नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो कुणाचंच ऐकत नाही. नळीच्या नटासाठी एका बाजूनं उघडा असलेला खास रिंगपाना मिळतो. विकत घ्यायची गरज नाही. पार्ट्सची मोठी दुकानं अशी हत्यारं डिपॉझिट ठेवून वापरायला देतात आणि परत केली की पूर्ण पैसे मिळतात.

रेडिएटरपाशी दोन पाने लागतात. एकानं रेडिएटरचं फिटिंग घट्ट धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा. नाहीतर नटाबरोबर फिटिंगही पिळवटतं आणि नळीच्या नादात रेडिएटर जातो. आमचा एक नट नळीला घट्ट चिकटला होता. नळी तशीही फेकायचीच होती, म्हणून ती नटालगत कापली आणि नटावर सहाकोनी सॉकेट बसवला. सुटला! थोड्या नव्या गाड्यांत नटाऐवजी तारेच्या क्लिपचे जोड असतात. तिथे नळी बसताना 'टक' असा आवाज येतो, पण त्यावर विसंबू नका, ओढून खात्री करा.

नवी नळी दोन प्रकारे मिळते. एक, वळवून तयार असलेली स्टीलची. पण ती इंजिनाच्या आजूबाजूनं घुसवताना घाम फुटतो. दुसरी, तांबं-निकेलच्या मिश्रधातूची 25 फुटी गुंडाळी. ही हातानं वळते आणि मिठाला दाद देत नाही. आम्ही तीच घेतली. जुनी नळी जमिनीवर ठेवून तिच्याबरहुकूम नवी वळवली. कोपऱ्यावर चेपू नये म्हणून रंगाच्या डब्याचा आधार घेतला. कापल्यावर आतला कीस साफ करून फुंकर मारायची, कारण तो कीस गिअरबॉक्समध्ये गेला तर सगळ्यावर पाणी.

मग नळीचं तोंड फ्लेअर टूलनं फुलवायचं. पहिलंच फ्लेअर इतकं सुबक जमलं, की मी मामांना कॅमेऱ्यात दाखवलं. मामा म्हणाले, "झ्याक! आणि नट कुठाय?" नट माझ्या दुसऱ्या हातात होता. फ्लेअर करण्याआधी तो नळीत ओवायचा असतो! कापा परत.

पेपर अवघड गेला, पण पास

नव्या नळ्या एक्झॉस्टपासून लांब ठेवून क्लिपांत अडकवल्या. सांडलेलं तेल मोजून ठेवलं होतं. तेवढंच, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं, नवं तेल ओतलं. गाडी सपाट जागेवर खाली घेतली, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून धरला आणि प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबून परत पार्कमध्ये आणली. इंजिन ऑइल आपण इंजिन बंद ठेवून बघतो. हे तेल मात्र बहुतेक गाड्यांत गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवूनच बघतात.

प्रत्येक जोडाला टिश्यू लावला. एक ओला निघाला. नट किंचित आवळला, पुन्हा टिश्यू लावला. कोरडा!

खर्च झाला 140 डॉलर आणि एक अख्खा शनिवार. जुनं तेल बाटलीत भरून पार्ट्सच्या दुकानात दिलं, ते रिसायकलिंगला घेतात. रविवारी सकाळी गाडीखाली अंथरलेल्या कोरड्या पुठ्ठ्याचा फोटो मामांना पाठवला. वाटलं, आता शाबासकी येणार.

उत्तर आलं, "आता ब्रेकच्या नळ्या बघ. मीठ काय एकच नळी खात न्हाई."

टॉर्च घेऊन पाहिलं. मागच्या ब्रेकच्या नळीवर गंजाचे पापुद्रे सुटले होते. ते काम मात्र आम्ही गॅरेजला दिलं, कारण ब्रेकच्या नळीत दाब कितीतरी पट जास्त असतो आणि चुकायला दुसरी संधी नसते. वाचलेले 480 डॉलर जवळपास सगळे तिकडे गेले. वाईट वाटलं नाही. लाल डाग पडला नसता, तर आम्ही गाडीखाली कधी वाकूनच पाहिलं नसतं.

लक्षात ठेवा

- फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.
- काम सुरू करण्याआधी इंजिन आणि एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्या.
- रबरी तुकडा घालायचा असेल, तर ट्रान्समिशनच्या तेलासाठी बनवलेलाच घ्या.
- ब्रेकच्या नळीला रबरी तुकड्याचा जोड कधीही देऊ नका.
- हात बसला म्हणून इतरांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करू नका. एफ-1 व्हिसावर ते बेकायदा काम ठरतं.