इनेक्सप्लिकेबली : ज्याचा उलगडा होत नाही

आजचा इंग्रजी शब्द जरा लांबलचक आहे: इनेक्सप्लिकेबली. उच्चारताना जोर ‘प्लिक’वर द्यायचा. अर्थ असा, की ‘का किंवा कसं, हे सांगता येऊ नये अशा रीतीनं’. पुस्तकी मराठीत ‘अनाकलनीयपणे’. बोलताना आपण सरळ ‘कुणास ठाऊक कसं’ म्हणतो.

या शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं ‘प्लिकारे’ आहे, म्हणजे घडी घालणं. ‘एक्सप्लिकारे’ म्हणजे घडी उलगडणं. गंमत बघा, मराठीतही कोड्याचा ‘उलगडा’च होतो! सुरुवातीचा ‘इन’ नकाराचा. म्हणजे घडी काही उलगडत नाही.

आता वापर बघू. वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. भाविक तिथे ‘मिरॅक्युलसली’ म्हणेल, म्हणजे चमत्कारानं. त्याच्यापाशी कारण आहे, दैवी. ज्याला कुठलंच कारण सांगता येत नाही, तो म्हणेल ‘इनेक्सप्लिकेबली’. यात चमत्काराला होकार नाही आणि नकारही नाही.

दुसरं उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. त्या दिवशी कुणी लिहिलं असतं, ‘द वॉटर इनेक्सप्लिकेबली टर्न्ड पिंक’, तर ते बरोबरच होतं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता. उलगडा झाला! आज तेच वाक्य लिहिलं तर चुकीचं ठरेल. म्हणजे हा शब्द घटनेपेक्षा आपल्या माहितीबद्दल जास्त सांगतो.

अर्जात मात्र जपून वापरा. ‘द पेमेंट हॅज बीन इनेक्सप्लिकेबली डिलेड’ यात नुसतं नवल नाही, सभ्य भाषेतली तक्रार आहे: उशिराला पटेल असं कारणच दिसत नाही. कार्यालयानं कारण लेखी कळवलेलं असेल, तर हा शब्द तुमच्यावरच उलटेल. लिहिण्याआधी एवढंच विचारा: कारण खरंच सापडत नाही, की आपण शोधलंच नाही?

तुमच्या गावातल्या एखाद्या गोष्टीवर एक वाक्य करून बघा. भेटू पुढच्या भागात!