पट्टी लावून वाचायची मासिकं

मुलुंडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहायचे. भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्याकडे जाताना आम्ही मुलं हात धुऊन जायचो. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत विलायती मासिकं होती आणि ती बाहेर निघाली की शेजारी स्टीलची फूटपट्टीही निघायची. वाचायला पट्टी कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “अरे, हे नुसतं वाचायचं नसतं. मोजायचं.”

मासिकांचा मुख्य विषय एकच, छोटी रेल्वे. ‘खेळण्यातली’ म्हटलेलं काकांना खपत नसे. आयात परवान्यांचे दिवस होते, परदेशी खेळणं दुकानात दिसणंही मुश्कील, मग रूळ आणि इंजिनं कुठली मिळायला? पण मासिकं यायची. फाउंटनच्या फूटपाथवर, रद्दीच्या दुकानांत, बोटीवरच्या कुणी विकलेल्या गठ्ठ्यांत. नाताळचा अंक आम्ही गणपतीत वाचायचो, तोही दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नाताळचा. त्यातल्या जाहिरातींतलं काहीही आपल्याला विकत घेता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण त्या जाहिरातीसुद्धा आम्ही गोष्टीसारख्या वाचल्या.

सगळ्यांत जाड गठ्ठा ‘मेकॅनो मॅगझिन’चा. लिव्हरपूलच्या एका मांस आयात करणाऱ्या पेढीतल्या फ्रँक हॉर्नबी या कारकुनानं 1901 मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. त्याचंच पुढे मेकॅनो झालं. 1916 मध्ये, ऐन महायुद्धात, त्यानं चार पानांचं फुकट पत्रक काढलं. उघडउघड जाहिरातच ती. पण 1921 मध्ये एलिसन हॉक्स संपादक झाले आणि पत्रकाचं मासिक झालं. पूल कसे बांधतात, गोदीतली यारी किती टन उचलते, नव्या इंजिनाची चाकं केवढी, हे सगळं मुलांना लहान न समजता सांगणारं. 1930 च्या सुमाराला खप 70,000 च्या घरात गेला होता. कंपनीचा माल विकायला निघालेलं मासिक मालापेक्षा मोठं झालं, असं माझं मत आहे. याच कंपनीच्या ‘हॉर्नबी’ छोट्या गाड्या कधी हातात न आलेल्या माणसाचं मत म्हणून ते धरावं. काकांकडे 1942 नंतरचे काही अंक होते, कागदटंचाईमुळे शाळेच्या छोट्या वहीएवढे झालेले. तेही त्यांनी क्रमानं लावले होते, मोठ्या अंकांच्या मध्ये, रांगेत उभ्या केलेल्या लहान भावंडांसारखे.

पण पट्टी लागायची ती दुसऱ्या दोन मासिकांना. ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ 1925 मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी सुरू केलं; ‘मॉडेल इंजिनियर’ काढणारे तेच. ‘मॉडेल रेल्वे कन्स्ट्रक्टर’ 1934 चं. या दोघांचा जीव मधल्या पानांवरच्या आरेखनांत होता. एखादा डबा बाजूनं, समोरून, वरून. प्रमाण नेमकं, खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. एकाच वाक्यात फूट आणि मिलिमीटर ही इंग्रजांची खास तऱ्हा. त्या चित्रावर पट्टी ठेवायची, ट्रेसिंग पेपर लावायचा आणि पुठ्ठा कापायला घ्यायचा. आज मोबाइलवर तेच चित्र दोन बोटांनी हवं तेवढं मोठं होतं, आणि म्हणूनच त्यावर पट्टी ठेवण्यात काही अर्थ राहत नाही. छापलेल्या पानाची ताकद ही होती की ते जागचं हलत नसे.

आता थोडं गणित. इंग्लंड-अमेरिकेत दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. ‘एचओ’ या मापात सगळं 87 पटींनी लहान, म्हणून छोट्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं मुळात बुटकी, त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटरी बसेनात. मग इंग्रजांनी वरचं इंजिन फुटाला चार मिलिमीटर या मापानं जरा मोठं केलं आणि खाली रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. म्हणजे धिप्पाड माणसाला धाकट्या भावाच्या चपला. या चपलांवरून तिकडच्या छंदिष्टांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले.

काका हे वाद चवीनं वाचायचे आणि मग त्यांना वाटलं, आपली लोकल या रुळांवर ठेवली तर? आपले रूळ साडेपाच फुटांचे, 1676 मिलिमीटर. या विलायती मासिकांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. काकांनी अंकाच्याच समासात पेन्सिलीनं भागाकार केला. साडेसोळा भागिले साडेपाच. उत्तर तीन. दशांश चिन्हापुढे काहीही उरत नाही! फुटाला तीन मिलिमीटर धरले की इंग्रजांचे ते फसलेले रूळ भारतीय ब्रॉडगेजला नेमके बसतात. शिवाय इंग्लंडमध्ये 1957 पासून ट्रायअँगच्या ‘टीटी’ गाड्या याच तीन मिलिमीटरच्या मापात निघत होत्या, म्हणजे माणसं, दिव्याचे खांब, झाडं यांचं मापही तयार. तिकडे वर्षानुवर्षं न सुटलेलं कोडं मुलुंडच्या पलंगावर सुटलेलं होतं, अर्थात वेगळ्या रेल्वेसाठी. काकांनी त्या दिवशी आम्हाला बटाटेवडे आणले.

मग लोकल बांधायला घेतली. डबा सुमारे 68 फूट, म्हणजे 204 मिलिमीटर. रुंदी 12 फूट, म्हणजे 36. पण बाकीच्या मापांचं काय? मुंबईच्या लोकलचं आरेखन त्या ट्रंकेतल्या एकाही अंकात नव्हतं. काकांनी दुपारच्या रिकाम्या कल्याण लोकलमध्ये दार वितीनं मोजलं. खिडकीच्या गजांची मोजदाद मी केली, घाटकोपर ते मुलुंड, दोनदा. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा, पँटोग्राफ जुन्या छत्रीच्या तारेचा. मोटर नव्हतीच, गाडी बोटानं ढकलायची. नऊ डबे पुरे झाले तेव्हा लांबी सहा फूट भरली, म्हणजे बरोबर पलंगाएवढी.

जागेची अडचण इंग्लंडातही होती, हे आम्हाला ‘रेल्वे मॉडेलर’मधून कळलं. हे मासिक 1949 चं आणि अजून निघतं. त्याचे संपादक सिरिल फ्रीझर यांनी 1957 मध्ये ‘मिनोरीज’ नावाचा एक आराखडा दिला. शहरातलं छोटं टर्मिनस, सात फुटांच्या आत मावणारं, आणि फूटभर रुंदीही पुरेल असं. सांधे अशा खुबीनं मांडलेले की गाडी येते, दुसरं इंजिन लागतं, पहिलं सुटतं, आणि कुठल्याही फलाटावरून कुठेही जाता येतं. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमचं जेवणही त्याच पद्धतीनं व्हायचं, एक पंगत उठली की दुसरी.

बाकीची मासिकं एकेक करून गेली. ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ 1971 मध्ये नाव बदलून ‘मॉडेल रेल्वेज’ झालं. मेकॅनोचा लिव्हरपूलमधला बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला आणि हात बदलत, शेवटी त्रैमासिक होऊन तगलेलं ‘मेकॅनो मॅगझिन’ 1981 मध्ये थांबलं. ‘कन्स्ट्रक्टर’ 1987 ला. आम्हाला यातलं काही वेळेवर कळलं नाही. फूटपाथवर जुने अंक येतच राहिले. विझलेल्या ताऱ्याचा उजेड येत राहावा, तसे.

आमच्या गठ्ठ्याचा शेवट मात्र तारखेसकट सांगता येतो. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. तळमजल्यात पाणी शिरलं आणि ट्रंक रात्रभर पाण्यात राहिली. गुळगुळीत आर्ट पेपर भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट होते. ‘मेकॅनो मॅगझिन’च्या अशा विटा झाल्या. काकांनी त्या लगेच टाकल्या नाहीत, दिवाळीपर्यंत गॅलरीत ठेवल्या. माळ्यावर असल्यामुळे लोकल मात्र कोरडी राहिली.

छोटी रेल्वे डोळ्यांनी पाहायची असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून लोकांसाठी खुलं. मी काकांना तिथे घेऊन गेलो होतो. गाड्या सुटल्या, सिग्नल पडले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका खाली वाकून रुळांमधलं अंतर बघत होते.

काका आता नाहीत. आम्ही मोजलेल्या त्या जुन्या, 1500 व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या लोकलही 2016 मध्ये मुंबईतून कायमच्या गेल्या. वाचकांपैकी कुणी कुर्ल्याच्या किंवा कुठल्याही कारशेडमध्ये काम केलं असेल, घरात त्या डब्यांचा मापांसह काढलेला नकाशा पडून असेल, तर तो रद्दीत देऊ नका. मला फक्त दारांची मापं हवी आहेत. नऊपैकी दोन डब्यांची दारं आमच्या हातून चुकली आहेत, असा माझा बरीच वर्षं संशय आहे.