कळलावीची ओळख

धारूरजवळच्या बालाघाट डोंगरात पावसाळ्यात झुडपांच्या ओलसर सावलीत कळलावी, म्हणजेच खड्यानाग, ही वेल उगवते. पानाचे टोक दोऱ्यासारखे वळून आधारास गुंडाळते. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या व मागे वळलेल्या असून प्रथम हिरवट पिवळ्या, पुढे केशरी व अखेर लाल होतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात हिला ‘लांगली’ म्हणतात.

हा कंद अत्यंत विषारी आहे. रताळे समजून खाल्ल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब होऊन मृत्यूही ओढवतो. शिजविल्यानेही विष जात नाही. प्रसूतीसाठी तो कदापि देऊ नये. शंका येताच रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. फुले गळल्यावर ओळख पटणे कठीण. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी फुलोऱ्यातच मुलांना व गुराख्यांना ही वेल दाखवावी.