बाह्यरुग्ण शस्त्रक्रिया : रुग्णाचे हक्क व कर्तव्ये

ज्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास रुग्णालयात रात्रभर ठेवावे लागत नाही व भुलीचा अंमल उतरल्यावर काही तासांतच घरी पाठविता येते, तिला बाह्यरुग्ण शस्त्रक्रिया असे म्हणतात. मोतीबिंदू काढणे, अंतर्गळ (हर्निया) व जलवृषण यांवरील शस्त्रक्रिया, नसबंदी, त्वचेखालील गाठी काढणे, दुर्बिणीतून करावयाच्या काही तपासण्या यांचा तीत समावेश होतो. या पद्धतीत शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा मोठा भाग परिचारिकेकडून रुग्णाच्या कुटुंबाकडे जातो. त्यामुळे रुग्णाचे हक्क व कर्तव्ये यांना येथे वेगळा आशय प्राप्त होतो. शस्त्रक्रियेस संमती देणे आणि त्याच दिवशी घरी जाण्यास संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात मात्र दुसरीचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो.

इतिहास : ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जेम्स निकोल यांनी बाह्यरुग्ण विभागात मुलांवर केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. मुलाची देखभाल आई घरी उत्तम करू शकते. मात्र घर सुस्थितीत असावे व परिचारिकेने तेथे भेट द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. केवळ या कामासाठीचे स्वतंत्र केंद्र अमेरिकेतील फीनिक्स येथे १९७० मध्ये निघाले. पुढे अल्पकाळ टिकणारी भुलीची औषधे आणि लहान छेदाची तंत्रे यांमुळे पद्धतीचा प्रसार झाला. [→ शुद्धिहरण]. मोतीबिंदूच्या रुग्णास पूर्वी कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागे. आता तो बहुधा त्याच दिवशी चालत बाहेर पडतो. प्रसाराबरोबर निकोल यांची गृहभेटीची अट मात्र बहुतेक ठिकाणी मागे पडली.

भीमाशंकर परिसर : पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर असून तेथे महादेव कोळी, ठाकर व कातकरी या जमातींची वस्ती आहे. शस्त्रक्रियेच्या सोयी घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव अशा पूर्वेकडील गावी आहेत. डॉ. मनोहर डोळे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले नारायणगावचे मोहन ठुसे नेत्ररुग्णालय या भागातील नेत्ररुग्णांचा मोठा आधार ठरले आहे. भीमाशंकर ते मंचर हे अंतर सु. ६० किमी. असून बरेचसे घाटवळणाचे आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, ओढ्यांना पूर येतो आणि मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा पायीच कापावा लागतो.

बाह्यरुग्ण शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडताना त्याचे घर रुग्णालयापासून सु. एक तासाच्या प्रवासाच्या टप्प्यात असावे आणि पहिले २४ तास जबाबदार प्रौढ व्यक्ती सोबत असावी, अशी रूढ कसोटी आहे. आहुप्यासारख्या गावचा रुग्ण पहिल्या कसोटीस उतरत नाही. अशा रुग्णास शस्त्रक्रिया नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे. एक रात्र रुग्णालयात किंवा तालुक्याच्या गावी राहण्याची सोय करणे हा उपाय होय. रुग्णाने ती मागितल्यास तिला भीती वा हट्ट समजू नये. ती वैद्यकीय दृष्ट्या रास्त मागणी आहे. वस्तुतः असा प्रश्न डॉक्टरांनीच आधी विचारावयास हवा.

संमती : संमती म्हणजे कागदावरील अंगठा नव्हे. रोगाचे स्वरूप, शस्त्रक्रियेचा हेतू, संभाव्य धोके, अन्य उपाय आणि शस्त्रक्रिया न केल्यास होणारे परिणाम हे रुग्णास समजेल अशा भाषेत सांगितले, तरच ती ग्राह्य ठरते. दुर्बिणीतून केवळ तपासणी करण्यास संमती दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय व अंडकोश, ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला, की प्रौढ व सक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकास संमती देता येत नाही. तसेच तपासणीची संमती ही उपचाराची संमती ठरत नाही. जिवावरचा तातडीचा प्रसंग एवढाच याला अपवाद आहे.

नसबंदीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदी शिबिरांनंतर तेरा स्त्रिया मरण पावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, संमतीतील मजकूर स्थानिक भाषेत समजावून द्यावा आणि स्त्रीस विचार करण्यास पुरेसा वेळ द्यावा, असे आदेश दिले. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नसबंदीसाठी पती वा पत्नीची संमती आवश्यक नाही. ही गोष्ट ग्रामीण भागात फारशी माहीत नसते.

इतर हक्क : राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत रुग्णाचे सतरा हक्क नमूद आहेत. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून असून, त्याखालील नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. स्त्री रुग्णास पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे, गुप्तता, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आणि औषधे आपल्या पसंतीच्या दुकानातून घेणे हे हक्क सर्वत्र सारखेच आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात.

घरी पाठविताना मिळणारी चिठ्ठी हा बाह्यरुग्णाचा सर्वांत मोलाचा कागद होय. केलेली शस्त्रक्रिया, औषधे, पुन्हा येण्याचा दिवस, धोक्याची लक्षणे आणि रात्री-अपरात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक हे सर्व तीत मराठीत असावे. रुग्णास वाचता येत नसेल, तर ते सोबतच्या माणसास तोंडी सांगून त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्यास बहुधा पहिल्या काही दिवसांतच दुखणे वाढू लागते व नजर मंद होते. उपचारास उशीर झाल्यास डोळा कायमचा जातो. ‘थोडे दुखणारच’ एवढेच सांगून पाठविलेली वृद्धा वाडीवर दुखणे सोशीत बसते. कोणते दुखणे सोसावयाचे आणि कोणत्या दुखण्याला त्याच दिवशी खाली उतरावयाचे, हे तिला निराळे करून सांगणे आवश्यक असते.

कर्तव्ये : रुग्णाने पूर्वीचे आजार, चालू औषधे, जडीबुटी, मद्य व तंबाखू यांची खरी माहिती द्यावी. भूल देण्यापूर्वी सामान्यतः सहा तास अन्न व दोन तास पाणी वर्ज्य असते. पहाटे घर सोडून निघालेला रुग्ण वाटेत चहा-बिस्किटे घेतो आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलल्यास रागावतो. परंतु भुलीत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत गेल्यास प्राणावर बेतते, म्हणून खाल्ले असल्यास ते लपवू नये. भुलीनंतर २४ तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये व मद्य घेऊ नये. डोळ्याच्या रुग्णाने चुलीचा धूर व धूळ टाळावी. अंतर्गळाच्या रुग्णाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ओझे उचलू नये. भाताच्या आवणीच्या दिवसांत हे पाळणे कठीण जाते. त्यामुळे तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेचा दिवस शेतीचा हंगाम पाहून ठरविणे रुग्ण व डॉक्टर दोघांच्याही हिताचे असते. रुग्णालयात हिंसा वा मोडतोड करणे हा महाराष्ट्रात २०१० च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे.

दाद : डॉक्टरांच्या जबाबदारीची मूलभूत चर्चा करणारा एक जुना निवाडा पुण्याशी संबंधित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तरुणाचे मांडीचे हाड १९५३ साली मोडले. पुण्यात पुरेशी भूल न देता ते बसविण्यात आले व तो दगावला. रुग्णास स्वीकारणे, उपचार ठरविणे व तो करणे या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टराने वाजवी दक्षता घेतली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी १९६८ मध्ये मांडले. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय १९९५ मध्ये झाला. सर्वांनाच विनामूल्य मिळणारी सेवा त्यातून वगळली असली, तरी काहींकडून शुल्क घेऊन इतरांवर मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तोपर्यंत संमतिपत्राची प्रत, देयके व घरी पाठविल्याची चिठ्ठी जपून ठेवावी.